टाकीवर गेलं तर?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक छत्तीस वर्षांचे, पूर्व उपनगरात राहणारे. वडिलांनी दोर आणि कोयता घेऊन सुरू केलेला झाडछाटणीचा धंदा आता ते चालवतात. सहा माणसं, तीन चेनसॉ, भाड्याचा टेम्पो. कामं बहुतेक हाउसिंग सोसायट्यांची, थोडी शाळांच्या आणि कंपन्यांच्या आवारातली. गेल्या मे महिन्यात एका सोसायटीतला वाळलेला रेन ट्री उतरवायला चार दिवस लागले, टेम्पोच्या अकरा फेऱ्या झाल्या आणि दोघांच्या पाठी धरल्या. तेव्हापासून छोटा आर्टिक्युलेटेड लोडर घ्यायचं त्यांच्या डोक्यात आहे. समोर तीन पर्याय आहेत: मीटरभर रुंदीचा, साडेतीनशे किलो उचलणारा लहान लोडर, सव्वा मीटरच्या वर रुंद, टनाच्या आसपास उचलणारा मोठा, नाहीतर ओळखीतून मिळणारी जुनी बॉबकॅट. ‘एकदाच घ्यायचं तर ताकदीचं घ्यावं’ म्हणून कल मोठ्याकडे आहे, बॉबकॅटबद्दल मत वाईट आहे. मशीन आलं की दोन माणसं कमी करता येतील आणि त्यातून हप्ता सुटेल असा त्यांचा हिशेब आहे. वडील मात्र तयार नाहीत. ‘कारण विचारलं तर एवढंच म्हणतात, टाकीवर गेलं तर? जुन्या माणसांना मशीनची भीतीच वाटते,’ असं त्यांनी लिहिलं आहे.

तुमच्या चार पानी पत्रात मशीनबद्दलचं सगळ्यात नेमकं वाक्य तुमच्या वडिलांचं आहे, आणि नेमकं तेच तुम्ही भीती म्हणून बाजूला टाकलंत. त्याच्याकडे येतोच. आधी तुमचा प्रश्न घेऊ, लहान की मोठा.

या धंद्यात नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आर्टिक्युलेटेड लोडर म्हणजे कंबरेत वळणारा लोडर. पुढचा आणि मागचा भाग मधे एका सांध्याने जोडलेले असतात. स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळत नाहीत, अख्खं मशीनच मधून वाकतं. सांधा मध्यावर असेल तर मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीतून जातात आणि जमीन खरवडत नाही. फिनलंडची अवांत, इटलीची मल्टीवन, हॉलंडची जायंट, जर्मनीच्या शेफर आणि वायडेमान या कंपन्या असली मशीनं बनवतात. बॉबकॅटला असा सांधा नसतो. (बॉबकॅट हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं स्किड स्टिअर असलं तरी ते बॉबकॅटच, जसं खोदणारं पिवळं काही दिसलं की ते जेसीबी.) तिच्या एका बाजूची चाकं पुढे जातात, दुसरीकडची मागे, आणि ती जागच्या जागी गरकन फिरते. फिरताना चाकं घासतात. नालेसफाईत किंवा डेब्रिज भरताना त्याने कोणाचं काही बिघडत नाही. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर बिघडतं, आणि सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी फोटो पाठवतात.

आता ताकद. ‘एकदाच घ्यायचं तर मोठं’ हा विचार फ्रिज घेताना ठीक आहे. तुमच्या कामात आधी एक गोष्ट माहीत हवी: तुमचा ओंडका भरतो किती? पत्रात सगळीकडे ‘जड’, ‘भयंकर जड’, ‘सहा जणांनाही हलेना’ असं आहे, आकडा एकही नाही. म्हणून हा हिशेब खिशात ठेवा. टेपने ओंडक्याचा घेर मीटरमध्ये मोजा. त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, मग ८० ने गुणा. येईल ते एक मीटर लांबीच्या ओंडक्याचं किलोतलं वजन, लाकूड पाण्याइतकं जड धरून. ओलं लाकूड साधारण त्याच्याच आसपास असतं, वाळलेलं बरंच हलकं. दीड मीटर घेर म्हणजे १८० किलो. दोन मीटर घेराला ३२०. अडीचला ५००. तीन मीटरच्या बुंध्याला ७२०. घेर दुप्पट झाला की वजन चौपट होतं. डोळा इथेच फसतो.

हे आकडे पाहून तुम्ही म्हणाल, बघा, मोठंच लागणार. पण थांबा. मुंबईत झाड आडवं पाडायला जागा असते कुठे? तुमची माणसं वर चढून ते तुकड्यातुकड्याने उतरवतात. दोराला आणि ज्या बेचक्यातून दोर सोडलाय त्या फांदीला झेपेल एवढाच तुकडा खाली येतो. म्हणजे वजनाला लगाम वरच बसलेला असतो. राहतो तो शेवटचा बुंधा. तो जमिनीवरच असतो आणि त्याला आणखी एक काप मारायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. दोन मीटर घेराचा बुंधा पाऊण मीटरच्या तुकड्यांत कापला तर तुकडा २४० किलोचा होतो. आणखी एका कापाला चेनसॉची पाच-दहा मिनिटं आणि थोडं पेट्रोल लागतं. आणखी अर्ध्या टनाच्या ताकदीला काही लाख रुपये लागतात आणि वर वीतभराहून जास्त रुंदी. ती रुंदी तुम्हाला फाटकाबाहेर ठेवणार आहे.

उलट बाजूही सांगतो. लाकूड घेणाऱ्याला विशिष्ट लांबीचे ओंडके हवे असतील तर जास्तीचे काप महागात पडतात. तुमचं लाकूड कोण घेतो, त्याला किती लांबी लागते, हे आधी विचारून घ्या. आणि बेकऱ्यांवर विसंबून हिशेब केला असेल तर तो पुन्हा मांडा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना आणि तंदूरवाल्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हे गिऱ्हाईक आता पहिल्यासारखं धरून चालता येणार नाही.

पत्रकावरच्या आकड्याबद्दल सावध राहा. ‘साडेतीनशे किलो’ म्हणजे नेमकं काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. एक आकडा असतो तो मशीन पुढे कलंडायला लागतं त्या वजनाचा. दुसरा असतो तो काम करताना उचलायच्या वजनाचा, आणि चाकाच्या लोडरला तो कलंडणाऱ्या वजनाच्या निम्मा धरण्याची रीत आहे. मोठ्या अक्षरात छापलेला आकडा कोणता आहे ते पाहा. तो सरळ उभ्या मशीनचा आहे की पूर्ण वळलेल्या, हेही विचारा. कंबरेत वळणाऱ्या मशीनचं मर्म आणि दुखणं एकाच ठिकाणी आहे. पूर्ण वळण घेतलं की मागचा भाग, म्हणजे पुढच्या ओझ्याला तोलून धरणारं वजन, एका बाजूला सरकतं. मग सरळ उभं असताना जे ओझं सहज पेललं जातं तेच वळताना जड होतं. शिवाय ओंडका धरायचा पंजा स्वतःच शंभर किलोच्या आसपास भरू शकतो. तोही त्याच आकड्यातून वजा करायचा. साडेतीनशे हा कामाचा आकडा असेल तर हातात अडीचशे उरतात. कलंडण्याचा असेल तर पाऊणशे. पाऊणशे किलो तुमची दोन माणसं खांद्यावर नेतात.

हे मी नुसतं वाचून लिहीत नाही. मशीनं भाड्याने देण्याच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली. एकदा एका आवारात आमचाच ऑपरेटर ओंडका धरून फाटकाकडे येत होता. समोरून कोणाची तरी मोटार आली, तिला जागा द्यायला त्याने करकचून वळवलं. बूम, म्हणजे ओझं उचलणारा मशीनचा हात, खांद्याइतका वर होता. मागचं आतलं चाक वीतभर उचललं गेलं आणि तसंच हवेत हळूहळू फिरत राहिलं. ऑपरेटरला ते दिसतच नव्हतं, त्याचं लक्ष पुढे. वॉचमन ओरडला म्हणून त्याने बूम खाली घेतला आणि चाक धप्पकन टेकलं. काही झालं नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला: ओंडका नेताना तो जमिनीपासून फुटभरच वर, आणि वळायच्या आधी आणखी खाली.

तुमच्या माणसांसाठी दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. या मशीनच्या कंबरेपाशी माणूस उभा राहता कामा नये. स्टिअरिंग फिरलं की दोन भागांमधली फट मिटते. दोर धरणाऱ्याला मशीनला टेकून उभं राहायची सवय लागते, टेम्पोला टेकतो तसं. ही सवय पहिल्या दिवशीच मोडा.

आता तुमच्या अकरा फेऱ्या. हा आकडा वाचून मी थबकलो, कारण लोडरने यातली एकही फेरी कमी होत नाही. एका रेन ट्रीला अकरा फेऱ्या लागतात त्या ओंडक्यांमुळे नाही. ओंडके दोन-तीन फेऱ्यांत जातात. बाकीच्या फेऱ्यांत तुम्ही फांद्या नेता, म्हणजे खरं तर फांद्यांमधली हवा नेता. टेम्पो वरपर्यंत भरलेला दिसतो आणि वजन अर्ध्या क्षमतेचंही नसतं. ते दुखणं असेल तर औषध चिपर, म्हणजे फांद्यांचा भुसा करणारं यंत्र आहे, लोडर नाही. फांद्यांचा भुसा झाला की तेच सामान कितीतरी कमी जागेत मावतं आणि काही सोसायट्या तो भुसा बागेत पसरायला किंवा खतासाठी ठेवूनही घेतात. चिपर आवाज फार करतो, दुपारच्या वेळी रहिवासी भांडतात, आणि त्यात हाताने फांदी सारणाऱ्या माणसाला शिकवल्याशिवाय उभं करायचं नसतं. तरीही चार दिवसांतले किती तास फांद्यांत गेले आणि किती ओंडक्यांत, हे कळल्याशिवाय तुम्ही लोडरच्या पैशांवर सही करू नये असं मला वाटतं.

पुढच्या तीन कामांना एक वही ठेवा. वर चढलेल्या माणसाचा वेळ, फांद्या ओढण्याचा वेळ, ओंडके झाडापासून टेम्पोपर्यंत नेण्याचा वेळ, टेम्पोची वाट पाहण्याचा वेळ. चारच रकाने, मिनिटांत. माझा अंदाज असा की शेवटचा रकाना तुम्हाला लाज आणेल. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या टेम्पोची वाट पाहत सहा माणसं सावलीत बसलेली मी पुष्कळदा पाहिली आहेत.

आणि तिसरा रकाना मोठा निघाला तरी आधी एक स्वस्त गोष्ट करून पाहा. दोन चाकांचा ओंडका-गाडा. दोन रुंद टायर, मधे कमानीसारखा लोखंडी पाइप, लांब दांडा. कमान ओंडक्यावर आणायची, साखळीने एक टोक उचलायचं आणि ओढत न्यायचं. कुर्ल्यातला किंवा साकीनाक्याचा कोणताही बरा फॅब्रिकेटर तो बनवून देईल. ऐंशी सेंटिमीटरच्या बोळातून जातो, डिझेल पीत नाही, रात्री जिन्याखाली मावतो. तीनशे किलोचा ओंडका दोघंजण त्यावरून सपाटीवर नेऊ शकतात. चढावर नाही. दोन माणसांच्या धरलेल्या पाठींचं उत्तर कदाचित इतक्यातच असेल. मशीन विकणारा हे सांगणार नाही. त्याचा दोष नाही, तो गाडे विकत नाही.

आता वडिलांचं वाक्य.

मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत जमिनीखाली पाण्याची टाकी असते. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, ते खाली साठवतात आणि पंपाने गच्चीवर चढवतात. ती टाकी अनेकदा फाटकातून आत शिरल्यावर लगेच, नाहीतर इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, म्हणजे नेमकी तुमच्या वाटेत. वर पेव्हर ब्लॉक, चौकोनी झाकण, कडेला तुळस. टाकी किती लांबरुंद आहे हे वरून कळत नाही. तिचा स्लॅब गाडीचं वजन धरून बांधला होता की माणसांच्या वावरापुरता, हे नवीन कमिटीला सहसा ठाऊक नसतं. जुन्या स्लॅबची खालची बाजू कायम दमट, सळया गंजलेल्या.

‘पण तिथे मोटारी उभ्या असतात’ हे उत्तर मी खूपदा ऐकलंय. लहान मोटार टनभराची धरा. चार चाकांवर वाटली की चाकाला अडीच-तीनशे किलो येतात. आता तुमचा लहान लोडर: तो हजार-अकराशे किलोचा, वर ऑपरेटर, पंजा आणि दोनशे किलोचा ओंडका. सगळं मिळून दीड टनाच्या आसपास. ओंडका पुढे लोंबत असल्यामुळे यातला बराचसा भार पुढच्या दोन चाकांवर जातो. म्हणजे एकेका चाकाखाली पाच-सहाशे किलो, मोटारीच्या दुप्पट, तेही तळहाताएवढ्या दोन-चार जागांवर. तुमचं मोठं मशीन घेतलं तर हा आकडा आणखी किती वर जातो तो तुम्हीच काढा. गटाराची आणि चेंबरची झाकणं, पोडियमवरची बाग, तळमजल्याखालचं पार्किंग, सगळीकडे हाच प्रश्न.

वडिलांनी चाळीसेक वर्षांत शेकडो सोसायट्यांच्या आवारात पाय ठेवलाय. कुठे जमीन पोकळ वाजते हे त्यांना माहीत आहे. तुम्ही ज्याला भीती म्हणता ती मला साइट पाहून आलेल्या माणसाची शंका वाटते. इंजिनिअर हाच प्रश्न विचारतो, फक्त जरा लांबट करून.

उपाय आहेत. टाकी कुठून कुठपर्यंत आहे हे सोसायटीकडून लेखी मागा. वाट तिच्या बाहेरून आखा. बाहेरून जागाच नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र येईपर्यंत मशीन फाटकाबाहेर. जाड प्लायच्या आठ-दहा शीट टेम्पोत कायमच्या असू द्या. त्यांनी भार थोडा पसरतो, पेव्हर ब्लॉक वाचतात आणि शेजारच्या जिवंत झाडांची मुळंही. मात्र कुजक्या स्लॅबवर प्लाय टाकून धाडस करू नका, प्लाय स्लॅबला ताकद देत नाही. मुळांचंही म्हणून ठेवतो: बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात, आणि खोडाच्या जाडीच्या बारापट अंतरापर्यंत मशीन नेऊ नये असा दंडक परदेशात पाळतात. दोन फूट जाडीच्या खोडाला तो चोवीस फूट होतो. आपल्या आवारात एवढं अंतर सोडलं तर मशीन रस्त्यावरच उभं राहील. म्हणून निदान पावसाळ्यात, माती ओली असताना, मातीवर चाक घालू नका. एक झाड उतरवताना बाजूच्या दोघांची मुळं दाबून यायची आणि पाच वर्षांनी त्यांचंही काम आपल्यालाच मिळायचं, असला धंदा काहीजण करतात. तुम्ही त्यातले वाटत नाही.

टाकीसोबत आणखी चार मापं घ्या. फाटकाची रुंदी, बिजागरं धरून. इमारत आणि कंपाउंड वॉलमधल्या बोळाची सगळ्यात अरुंद जागा, जमिनीपाशी वेगळी आणि कंबरेच्या उंचीवर वेगळी, कारण खाली पाइप असतात आणि वर एसीचे डबे. स्टिल्ट पार्किंगच्या बीमची खालची उंची. आणि वळणाची जागा. गेल्या वर्षीच्या तुमच्या दहा कामांची ही मापं एका कागदावर लिहा. मशीनच्या रुंदीत दोन्ही बाजूंना वीतभर मिळवा. दहापैकी किती ठिकाणी मीटरवालं आत जातं आणि किती ठिकाणी सव्वा मीटरच्या वरचं, हे मोजा. मोठं दहातल्या तीनच ठिकाणी गेलं तर ते बाकीच्या सात कामांना टेम्पोशेजारी उभं राहून हप्ते खाणार.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माटुंग्याच्या एका गल्लीत होतो. रेन ट्री कंपाउंडच्या आतल्या बाजूला पडलेला, मोठं मशीन नाक्यावर येऊन थांबलेलं, कारण फाटकाच्या दोन खांबांमधून त्याची बकेटही शिरत नव्हती. आत पाचजण होते. त्यांनी पाण्याच्या जुन्या पाइपचे तुकडे ओंडक्याखाली सारले, मागून पहार लावली आणि ‘हो… हो…’ करत तो फाटकापर्यंत लोळवत आणला. मागचा पाइप मोकळा झाला की एक पोरगा तो उचलून पुढे नेऊन ठेवायचा. पंधरा मिनिटांत ओंडका बाहेर. मशीनचं काम तिथून सुरू झालं.

जुन्या बॉबकॅटबद्दल माझं मत तुमच्याइतकं वाईट नाही. तिचे पार्ट मिळतात, मेकॅनिक मिळतो, चालवणारा मिळतो, विकायची वेळ आली तर घेणारा मिळतो. मधली मशीनं दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहून रुंद असतात, पण मीटरच्या आतलीही येतात. बाहेरून येणाऱ्या आर्टिक्युलेटेडचा हायड्रॉलिक पंप मे महिन्याच्या मध्यावर गेला तर पार्ट कुठून आणि किती दिवसांत येईल, याचं उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्या. उत्तर ‘मागवून देतो’ असं असेल तर ते उत्तर नव्हे. होज पाइप इथेही बनवून मिळतात. सांध्याचे बुश, पंप, इलेक्ट्रॉनिक कार्ड यांचं विचारा. सांध्याला रोज ग्रीस लागतं. जुनं आर्टिक्युलेटेड घेणार असाल तर बकेट जमिनीला टेकवून सांध्यात खेळ किती आहे तो हाताने हलवून पाहा. बॉबकॅटचा तोटा पेव्हर ब्लॉक आणि हिरवळ. शिवाय बहुतेकींत ऑपरेटरला पुढून, बकेटवर पाय देऊन चढावं लागतं आणि बाजूचं नीट दिसत नाही. दाटीच्या आवारात लहान मुलं असतात, हे विसरू नका.

पण विकत घेण्याआधी भाड्याने आणा. बॉबकॅट ऑपरेटरसकट शिफ्टवर मिळते. तीन कामांना आणा, वहीत तिचा वेगळा रकाना करा. ती जिथे शिरली नाही तिथे का शिरली नाही, तेही लिहा.

आता हप्त्याचा हिशेब. तो तुम्ही बारा महिन्यांच्या कामावर केलाय, आणि तुमचं काम बारा महिन्यांचं नाही. मार्च ते मे छाटणीची झुंबड, जून-जुलैत पडझड, मग उतार. त्यात परवानगी. झाड सोसायटीच्या जागेत असलं तरी १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, वॉर्डच्या उद्यान खात्याकडे अर्ज करावा लागतो; परवानगी रखडली तर काम थांबतं, हप्ता थांबत नाही. समजा हप्ता महिन्याला चाळीस हजार. वर्षाचे ४,८०,०००. मशीन खरोखर चालणारे दिवस साठ धरले तर दिवसाला आठ हजार नुसता हप्ता. त्यावर डिझेल, ऑपरेटर, विमा आणि ने-आण. भाड्याच्या मशीनची शिफ्ट याहून स्वस्त पडत असेल तर विकत कशासाठी? दिवस दीडशेवर गेले तर हाच आकडा ३,२०० वर येतो आणि मग गोष्ट वेगळी. चाळीस हजार हा माझा सोयीचा आकडा आहे. तुमचा घालून पाहा.

ने-आणीचं पत्रात काहीच नाही. टनाच्या वरचं मशीन छोट्या हत्तीत जात नाही, त्याची झेप पाऊण टनाची. मोठा टेम्पो, भक्कम रॅम्प आणि तो लावायला रस्त्यावर जागा हवी. ज्या टेम्पोतून मशीन आलं त्यातूनच लाकूड न्यायचं ठरवलंत तर शेवटच्या फेरीला मशीन मागे उरतं आणि रात्रीचे अकरा वाजतात. आणि ते ठेवणार कुठे? ‘गाळ्यासमोर’ असं तुम्ही लिहिलंय. मुंबईत गाळ्यासमोरची जागा कोणाची असते हे तुम्हाला मी सांगायला नको. मशीन स्वतःच्या चाकांवर रस्त्यावरून न्यायचा विचार असेल तर नोंदणीचं विक्रेत्याकडून लेखी घ्या. विमा घेताना तो कंत्राटदाराच्या यंत्रसामग्रीचा घ्या आणि सोसायटीच्या मालमत्तेला झालेलं नुकसान त्यात येतं का, हे एजंटला स्पष्ट विचारा.

दोन माणसं कमी करायचं मात्र मला पटलं नाही, आणि ते फक्त दयेपोटी नाही. मशीनवर एक माणूस बसतो, दुसरा पुढे चालत वाट मोकळी करतो आणि खूण देतो. म्हणजे दोन तिथेच लागले. वर चढणारे तर कमी करताच येत नाहीत. झाडावर विश्वासाने चढेल असा माणूस आज मुंबईत शोधून मिळत नाही. मशीनने फार तर असं होईल की पन्नाशीतला तुमचा माणूस आणखी सात-आठ वर्षं काम करू शकेल. हिशेबात पगार वाचले असं धरू नका. कामाचे दिवस वाचले तर किती वाचले, ते वहीतून काढा.

हे सगळं करूनही लोडरच घ्यावा असं निघालं, आणि निघेलही, तर माझं मत लहानाकडे आहे. मीटरभर रुंद, कामाचा आकडा साडेतीनशेच्या खाली नसलेला, साध्या पंज्यासकट. जमिनीत उरलेला खुंट खरवडायचं जोडयंत्र आत्ता घेऊ नका. त्याला हायड्रॉलिक तेलाचा प्रवाह जास्त लागतो, लहान मशीन तेवढा देईलच असं नाही, आणि मुंबईत खुंटाखाली केबल कुठून गेली असेल ते देव जाणे. ऑपरेटर पुढच्या भागावर बसतो की मागच्या, हे दोन्ही प्रकार चालवून पाहा. पुढे बसला की ओंडका नाकासमोर राहतो, मागे बसला की कंबरेचं वळण डोळ्यांसमोर राहतं. मला मागचं बरं वाटतं, पण मी फार जुनी मशीनं चालवलेला माणूस आहे.

डेमो विक्रेत्याच्या गोडाउनात घेऊ नका. तिथली जमीन सपाट असते आणि ओंडका त्याने निवडलेला असतो. तुमच्याच एखाद्या चालू कामावर, सोसायटीला सांगून, तुमच्या बुंध्यावर घ्या. पूर्ण वळण घ्यायला लावा, बूम खाली ठेवून. त्याआधी एका रविवारी वडिलांना घेऊन त्या जागी जा. टेप तुम्ही धरा. टाकी कुठून कुठवर आहे ते त्यांना विचारा, आणि सेक्रेटरींनी दिलेल्या कागदाशी जुळतंय का ते पाहा. जुळलं नाही तर आधी झाकण उघडून बघा, कोण बरोबर आहे ते.